वीतभर माशांचं वय

३ फेब्रुवारी

दादा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. एकोणीस वर्षांनी लिहिते आहे, सुरुवातच खोट्याने कशाला करू?

फोन केला असता, पण फोनवर तू समोरच्याला बोलूच देत नाहीस. निवृत्त झालास म्हणून ती सवय सुटली असेल असं वाटत नाही. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही.

कामाचं सांगते. काल धक्क्यावर नोटीस लागली. आजवर एक फुटाच्या आतला मासा पाण्यात परत टाकायचा असा नियम होता, आता चौदा इंच. जाळ्यांचे डोळेही त्या मापाने मोठे करायचे. दादा, चौदा इंचाचा मासा मी गेल्या वर्षभरात दोनदा पाहिला. निवडीच्या शेडमध्ये बसते मी. तळ्यातून येणारा प्रत्येक मासा माझ्या नाहीतर माझ्या शेजारणीच्या सुरीखालून जातो, तेव्हा मला माहीत नाही असं म्हणू नकोस. एके काळी इथे साठ होड्या होत्या. आज बावीस आहेत. हा नियम लागू झाला की त्या बावीसही उलट्या घालून ठेवायच्या.

शेडच्या दाराशी मासे मोजायची लाकडी फळी आहे ना, तिला लोक अजून 'साहेबाची फळी' म्हणतात. साहेब म्हणजे तू. नवाकोरा मत्स्य अधिकारी होतास तेव्हा त्या फळीवरची एक फुटाची खाच तू स्वतःच्या हाताने पाडलीस. नव्या नोटिशीतही तुझ्याच जुन्या अहवालाचा दाखला दिलाय. २० एप्रिलला सभा आहे. तुझा शब्द तिथे अजून चालतो. ये आणि त्यांना सांग, हे थांबवा म्हणून.

यांना न सांगता लिहिते आहे. या घरात तुझं नाव निघत नाही.

धाकटी

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून बरं वाटलं. वाचून मात्र वाईट वाटलं.

तुझ्यासारख्या शहाण्या बाईला हे सांगावं लागू नये. नियमामागचा विचार सरळ आहे. प्रत्येक माशाला पकडला जाण्याआधी निदान एकदा तरी अंडी घालता यावीत. म्हणून लहान सोडायचे, मोठे धरायचे. हे जगभर चालतं. मासे कमी झाले याचा अर्थ नियम चुकला असा नसतो, नियम पाळला गेला नाही असा असतो. चोरून बारीक जाळी टाकणारे कोण, ते धक्क्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिल्लंच खाल्लीत तर मोठे मासे आकाशातून पडणार का?

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला समजतं. प्रामाणिक होडीवाल्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पण मी सभेत येऊन माझ्याच तीस वर्षांच्या कामाविरुद्ध बोलावं, ही अपेक्षा बरोबर नाही. तुझ्या घरातलं उदाहरण मला उगाळायचं नाही. ती अकरा पिल्लं मी विसरलो आहे. तूही विसर.

तब्येतीला जप. सुरी धरून धरून तुझा खांदा दुखायचा, तो आता कसा आहे?

तुझा,
दादा

१७ फेब्रुवारी

दादा,

माझा खांदा ठीक आहे. डोकं ठीक नाही.

विसरलास? मग मी त्या सुनावणीची आठवण करून देते. तू टेबलाच्या त्या बाजूला खुर्चीत बसलेला, माझा नवरा या बाजूला उभा. सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि तू त्यांना 'आरोपी' म्हणत होतास. मी बाहेर बाकावर होते. दार बंद होतं, पण तुझा आवाज दाराने कधी अडलाय? 'नातं घरी, कायदा इथे,' हे मी दाराबाहेरून ऐकलं. दोन वर्षं परवाना रद्द. उलटी घातलेली होडी तशीच सडली. यांनी बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली ती आजतागायत. उन्हाळ्यातही बोटं पांढरी पडतात त्यांची. शर्टाची बटणं मी लावते.

बारीक जाळं टाकलं होतं, हो. मी नाकारत नाही. मोठ्या डोळ्यांचं जाळं पंधरा दिवस रिकामं येत होतं म्हणून टाकलं. पण पिल्लं? कोण म्हणतं ती पिल्लं होती? दादा, मी रोज मासे चिरते. जाळ्यात अडकून मेलेले वीतभर मासे पाण्यात टाकून उपयोग नसतो, ते सुकवायला शेडमध्येच येतात; त्यांच्या पोटात गाबोळी असते. अंड्यांनी गच्च. मी शेडमध्ये आले तेव्हा वीतभर मासा चिरला की आत नुसतं आतडं निघायचं. आता वीतभर मासा म्हणजे चार पोरांची आई. पिल्लाच्या पोटात अंडी कधी पाहिलीस का रे, मत्स्य अधिकारी?

आमच्या गल्लीत एक शेळीवाला आहे. दरवर्षी अंगाने भरलेली करडं विकायचा, खुजी ती घरी ठेवायचा. दहा वर्षांनी सगळा कळपच खुजा झाला. 'चाऱ्यात दम राहिला नाही,' म्हणून गल्लीभर बोंबलत फिरत होता. त्याची आई म्हणाली, 'मेल्या, मोठं ते बाजारात धाडलंस, खुजं ते वंशाला ठेवलंस, आता मोठं येणार कुठून?' म्हातारी अंगठेबहाद्दर आहे. तिला जे कळतं ते तुला पदवी घेऊन कळलं नाही. तुझ्या फळीनेही हेच केलं. तीस वर्षं मोठं ते टोपलीत, खुजं ते पाण्यात.

धाकटी

२४ फेब्रुवारी

धाकटे,

भाषा सांभाळून वापर. मी तुझा मोठा भाऊ आहे.

शेळीचा कळप आणि तळं यांत फरक आहे. तरी तुझं समाधान व्हावं म्हणून एक करू. माशाच्या कानात खड्यासारखं बारीक हाड असतं. झाडाच्या खोडासारखं त्यात दर वर्षाला एक कडं वाढतं. ते चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की माशाचं वय कळतं. माझा जुना हाताखालचा माणूस आता प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. तो मला एक टेबल देईल.

वीतभर माशांची निदान तीस डोकी पाठव. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी हवी: लांबी किती, गाबोळी होती की नाही. मीठ भरपूर घाल. आणि डोकी सरसकट घे, तुला हवी तशी निवडू नकोस.

ती एक-दोन वर्षांची निघाली, तर तू मला लेखी माफी मागायची. कबूल?

दादा

६ मार्च

दादा,

कबूल. चाळीस डोकी पाठवते आहे. निवडली नाहीत. सकाळी पहिली पाटी उतरली तिच्यातली ओळीने घेतली, आणि शेडमधल्या पाच बायका साक्षीला होत्या. त्यांतली एक म्हणाली, 'शहरात माशाच्या डोक्याचं सार करतात वाटतं साहेब?' मी म्हटलं, 'हो, आणि ते त्यांच्या घशाखाली उतरतं का ते बघायचंय.' फार दिवसांनी शेडमध्ये सगळ्याजणी हसल्या.

चाळीसपैकी एकतीस माद्या, त्यातल्या सव्वीस गाबोळीच्या. प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलंय. अक्षर वाईट आहे, हात ओले असतात.

माफीचा कागद मी आणून ठेवलाय. त्यावर सही कोणाची ते तुझं सूक्ष्मदर्शक ठरवेल.

धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. डोकी पोचली. काही हाडं चिरताना फुटली. नमुना लहान आहे, त्यावरून ठाम निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही. आणखी पाहणी व्हायला हवी. तिला वर्ष-दोन वर्षं लागतील.

तोवर हा विषय २० तारखेच्या सभेत काढू नये असं मला वाटतं. अर्धवट माहितीने गोंधळच होतो.

दाजींची तब्येत कशी आहे? बोटांना डॉक्टर काय म्हणतात?

दादा

८ एप्रिल

दादा,

एकोणीस वर्षांत तू यांना 'दाजी' म्हणाला नाहीस. पहिल्या पत्रात 'तुझ्या घरातलं उदाहरण' होते. माशाच्या हाडात असं काय दिसलं की एकदम दाजी झाले?

मला सांगू नकोस, मी सांगते. तुला सगळं दिसलंय. आणि तुला तुझं नाव जपायचंय. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं ते मानपत्र काचेत लावलं असशील, त्याला तडा जायला नको. चाळीस डोकी कमी पडली का तुला? चारशे पाठवते. चार हजार पाठवते. शेडच्या मागे ढीग पडलेला असतो, मांजरंसुद्धा आता तोंड लावत नाहीत.

मी सभेत जाणार. तुझी हाडं नसली तर नसली, मी मासे घेऊन जाणार आणि त्यांच्या टेबलावर चिरणार.

आणखी एक. तुझं पत्र यांच्या हाती लागलं. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही. पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, 'त्याला विचार, माझ्या जबानीचं पान कुठे आहे.' मी म्हटलं, कसली जबानी? तर पाठ फिरवून कामाला निघून गेले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि या माणसाच्या पोटात काय आहे ते मला माशाच्या पोटाइतकंही माहीत नाही.

कसली जबानी, दादा?

धाकटी

१२ एप्रिल

धाकटे,

तू म्हणतेस ते खरं आहे. मला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी.

दोन हाडं फुटली, अडतीस वाचता आली. वीतभर लांबीचे ते मासे सहा आणि सात वर्षांचे आहेत. एक नऊ वर्षांची मादी आहे. मी दोनदा मोजलं, मग प्रमुखाला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतलं. प्रयोगशाळेच्या कपाटात मी नोकरीच्या पहिल्या वर्षी काढलेली हाडं अजून पाकिटांत आहेत. तेव्हा वीतभर मासा दोन वर्षांचा असायचा. तो चार वर्षांचा आणि दीड फुटांचा होईपर्यंत वाढतच राहायचा, मगच अंडी घालायचा. एक फुटाला घालतो असं मी गृहीत धरलं, तेही चुकलं.

तरी मी वाट शोधत राहिलो. म्हटलं, तळ्यात खाणं कमी झालं असेल. पाणीपुरवठ्याचा कुंपणातला तलाव तुला आठवतो? चाळीस वर्षांपूर्वी त्यात याच तळ्यातले मासे सोडले होते, आणि तिथे जाळं टाकायला बंदी आहे. परवानगी काढून तिथले बारा मासे काढले. सहा वर्षांचे, दीड-दीड फुटांचे. मग प्रमुखाने गेली तीन वर्षं ठेवलेली एक नोंद माझ्यापुढे ठेवली. दोन्हीकडची अंडी त्याने शेजारशेजारच्या टाक्यांत वाढवली आहेत. पाणी तेच, खाणं तेच. आपल्या तळ्यातली पोरं तिथेही लवकर थांबताहेत. खाण्याचा दोष नाही. रक्तातच उतरलं आहे.

कसं झालं ते आता मला स्वच्छ दिसतं. सगळे मासे सारखे नसतात. काही उशिरा वयात येतात आणि मोठे होतात, काही लवकर वयात येतात आणि मग वाढ थांबते. ते आईबापाकडून येतं. पूर्वी मोठ्या मादीचा फायदा होता, ती पाचपट अंडी घालायची. मग मी फळीवर खाच पाडली. एक फूट ओलांडलं की मरण. मोठं होणारा मासा अंडी घालायच्या आधीच टोपलीत गेला. ज्याने वीतभर असतानाच अंडी घातली आणि वाढणं सोडलं, तो जाळ्याच्या डोळ्यातून आयुष्यभर आत-बाहेर करत राहिला. त्याचीच पोरं उरली, मग पोरांची पोरं. सात-आठ पिढ्यांत तळं खुजं झालं. कोणा माशाने काही ठरवलं नाही. जाळं मात्र दररोज निवड करत होतं, आणि ते जाळं माझं होतं. शेळीवाल्याच्या आईला माझा नमस्कार सांग.

आता जबानीचं. सुनावणीच्या दिवशी दाजींनी तोंडी जबानी दिली, कारकुनाने ती लिहून घेतली. ही पिल्लं नाहीत, वाढ थांबलेले मासे आहेत, पोटात गाबोळी आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. ते अकरा मासे तबकात माझ्यासमोर होते. कागद कापायची सुरी माझ्या हाताशी होती. मी एकही मासा चिरला नाही.

त्या आठवड्यात माझा नियम इतर सहा तळ्यांना लावण्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे गेला होता. आणि आरोपी माझा नातेवाईक. त्याचं ऐकलं तर लोक म्हणतील बहिणीसाठी वाकला. मी असं स्वतःला सांगितलं. खरं कारण पहिलंच होतं. मी ते पान फाइलमधून काढून घेतलं. फाडलं नाही. फाडायलाही धैर्य लागतं. ते माझ्याकडे आहे.

मी २० तारखेला येतो आहे. हे सगळं सभेत बोलेन, पान वाचून दाखवेन.

तुझा दादा

१५ एप्रिल

दादा,

ये. सभेत ये. घरी येऊ नकोस.

तुझं पत्र मी शेडमध्ये उभ्याने वाचलं. नंतर दिवसभर एकही मासा नीट चिरता आला नाही, दोनदा बोट कापलं. एकोणीस वर्षं मी काय समजत होते सांगू? की माझा भाऊ कडक आहे पण सच्चा आहे. 'कायद्यापुढे बहिणीलाही सोडलं नाही हो,' असं लोक म्हणायचे, तेव्हा रागातसुद्धा कुठेतरी मान ताठ व्हायची माझी. तेवढंच उरलं होतं तुझं माझ्याकडे. तेही काढून घेतलंस.

नियम चुकला, ते मी एक वेळ पोटात घालेन. चुकतं माणूस. पण तुला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याला तू चोर ठरवलंस.

धाकटी

२४ एप्रिल

दादा,

तू बाजूच्या दाराने निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. कळवणं माझं काम आहे म्हणून कळवते.

तू बोललास ते नीट बोललास. काही लपवलं नाहीस. 'तीस वर्षं आम्हाला चोर म्हणालात, आता म्हणता मासेच बदलले!' असं ओरडून म्हाताऱ्या होडीवाल्याने माशांची बादली तुझ्या पायांवर उपडी केली, तेव्हा तू मागे सरला नाहीस. ते मी पाहिलं. तो तुझ्या अंगावर धावून गेला असता. मी त्याचा हात धरला तो तुझ्यासाठी नाही, सभा मोडू नये म्हणून.

तू गेल्यावर नव्या अधिकारी बाईंनी विचारलं, 'ही जबानी देणारे गृहस्थ आज हयात आहेत का?' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, 'आहे.' हे मागच्या खांबाशी उभे होते, कारखान्याचा जाड कोट अंगावर तसाच. मला माहीतही नव्हतं आलेत ते. बाई म्हणाल्या, 'पुढे या ना.' हे म्हणाले, 'पुढे एकदा येऊन गेलो,' आणि पाळीवर निघून गेले.

नोटीस स्थगित झाली. बाईंनी तू सुचवलेलंच मान्य केलंय. मधल्या मापाचे मासे धरायचे, बारीकही सोडायचे आणि मोठेही सोडायचे, म्हणजे मोठ्यांचा वंश टिकेल. कुंपणातल्या तलावातले मासेही आणून सोडणार. होडीवाल्यांना मोठा मासा हातातून सोडायचा म्हणजे काळीज काढून दिल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, सोडा. आजवर नको ते सोडलंत.

बाई म्हणाल्या, बिघडायला तीस वर्षं लागली, सुधारायला त्याहून जास्त लागतील, कदाचित पूर्ण सुधारणारही नाही. म्हणजे मी काही ते बघत नाही. मला याचा राग येतो. तुझ्यावर येतो, आणि कोणावर येणार?

हे कालपासून कागद घेऊन बसलेत. काय लिहितात ते दाखवत नाहीत. पांढऱ्या बोटांनी पेन धरवत नाही, तरी मला लिहू देत नाहीत.

धाकटी

२६ एप्रिल

साहेब,

तुमच्या बहिणीने तुम्हाला घरी येऊ नको म्हणून लिहिलं, ते तिचं. माझं वेगळं आहे. आलात तर दारातून परत पाठवणार नाही. पण याल म्हणून वाटही बघणार नाही.

परवाना परत देतो असं अधिकारी बाईंनी निरोप धाडला. मी नाही म्हणून कळवलं. या हातांनी आता जाळं ओढवत नाही. कोणी दया दाखवू नये.

तुम्ही सभेत पान वाचलं ते मी ऐकलं. त्यात एक चूक आहे. कारकुनाने लिहिलंय, 'आरोपीस असे वाटते की सदर मासे पूर्ण वाढलेले आहेत.' मला वाटत नव्हतं. मी म्हणालो होतो, 'मला माहीत आहे.' तीन वेळा म्हणालो होतो, तुम्ही खिडकीकडे बघत होतात.

तो शब्द दुरुस्त करा. खाली तुमची सही आणि आजची तारीख घाला. मग ते पान जिथून काढलंत त्या फाइलमध्ये स्वतः जाऊन लावा आणि लावल्याची पोच मला पाठवा. टपालाने पाठवा. बहिणीकडे देऊ नका, ती रडेल.

पोच आली की पुढचं बोलू.